हिरोशिमाची माझदा : बुचं, तीनचाकी आणि त्रिकोणी इंजिन

जुनी_चाकं (धागाकर्ता)

आमच्या शाळेच्या बसच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत ‘स्वराज माझदा’ लिहिलेलं असायचं. स्वराज हा शब्द इतिहासाच्या पुस्तकामुळे ओळखीचा होता, माझदा म्हणजे काय ते कळायचं नाही. एकदा ड्रायव्हरकाका रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते तेव्हा त्यांना विचारलं. “जपानची कंपनी आहे बाळा, इंजिन त्यांचं,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून या कंपनीबद्दल हाती लागेल ते वाचत आलोय.

टोयोटा, होंडा, सुझुकी यांच्या गाड्या आपल्या दारात उभ्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर आपण भरभरून बोलतो. माझदाची मोटार भारतात अधिकृतपणे विकलीच गेली नाही. नाव निघालं तर लोक थेट रोटरी इंजिनावर येतात, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या इंजिनावर. ते इंजिन मोठंच आहे, पण मला वाटतं, ही कंपनी समजून घ्यायची तर आधी हिरोशिमा आणि तिथली तीनचाकी समजून घ्यायला हवी.

जानेवारी १९२० मध्ये हिरोशिमात ‘तोयो कॉर्क कोग्यो’ नावाची कंपनी निघाली. धंदा बुचांचा. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारं बूच अडलं, म्हणून जवळच्या डोंगरांतल्या आबेमाकी नावाच्या झाडाच्या सालीपासून बूच करायचं ठरलं होतं. युद्ध संपलं, परदेशी माल पुन्हा यायला लागला आणि धंदा डळमळला. १९२१ मध्ये जुजिरो मात्सुदा अध्यक्ष झाले. हा कोळ्याच्या घरातला मुलगा, कोवळ्या वयात ओसाकाला जाऊन लोहाराच्या हाताखाली शिकलेला, पुढे स्वतःच्या नावाचा पंप बाजारात आणलेला. १९२५ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली. मात्सुदांचा जीव मुळात लोखंडात. १९२७ मध्ये कंपनीच्या नावातला ‘कॉर्क’ गेला, ‘तोयो कोग्यो’ उरलं, आणि कारखाना यंत्रांकडे वळला. १९३१ मध्ये तिथून पहिलं वाहन बाहेर पडलं, माल वाहायची तीनचाकी. नाव ‘माझदा-गो’.

पुढे एक चाक, मोटारसायकलसारखं हँडल, मागे दोन चाकांवर माल ठेवायचा हौदा. आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेम्पोची ज्यांना आठवण आहे त्यांना ही वाहनांची जात परकी वाटणार नाही. गल्लीबोळांत शिरणारी, छोट्या दुकानदाराला परवडणारी. १९३६ मध्ये कंपनीने या गाड्यांचा ताफा कागोशिमापासून तोक्योपर्यंत, सुमारे २,७०० किलोमीटर चालवत नेला, गावोगावी थांबत, लोकांना दाखवत. माझदाच्या लौकिकाचा पाया मला इथे दिसतो. ज्याचं पोट मालवाहतुकीवर आहे त्याला गाडी दगा देत नाही, हे आधी सिद्ध झालं. वेगवान मोटारी फार नंतर आल्या.

मग ६ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी लवकर शहरात जाऊन त्यांनी केस कापून घेतले आणि तिथून निघाले. काही मिनिटांचा फरक पडला आणि ते वाचले. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून साधारण पाच किलोमीटरवर, शिवाय मध्ये हिजियामा नावाची टेकडी. त्या टेकडीने धक्का अडवला. इमारती उभ्या राहिल्या, पण शहरात गेलेले अनेक कामगार परत आले नाहीत. शहरात सरकारी कामाला जागाच उरली नव्हती, म्हणून हिरोशिमा प्रांताचा कारभार काही दिवसांतच या कारखान्यात आला आणि जवळजवळ वर्षभर तिथून चालला. रेडिओ केंद्रालाही तिथेच आसरा मिळाला. आणि डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, तीनचाकी पुन्हा बनायला लागली.

उद्ध्वस्त शहरात विटा, लाकूड, तांदूळ वाहायला सगळ्यात आधी काय लागतं? असाच एक हौदा आणि तीन चाकं. ही तारीख वाचली की मी दर वेळी थांबतो.

पुढे १९६० मध्ये पहिली मोटार आली, आर३६०. चिमुकली, ३५६ सीसीची, किंमत ३ लाख येन. आणि त्याच सुमाराला जर्मनीतल्या एनएसयू कंपनीशी रोटरी इंजिनाचा करार. त्यावर मी लिहिणारच आहे, पण इथे मशीन शॉपमधली जाणकार मंडळी आहेत. त्यांनी आधी लिहावं अशी विनंती.

शब्दवेल्हाळ

सुंदर सुरुवात. नावाबद्दल भर घालते. कंपनी सांगते की हे नाव दोन ठिकाणांहून आलं: संस्थापकांचं आडनाव मात्सुदा, आणि पारशी धर्मातला ज्ञानाचा देव अहुरमझ्द. जपानी लिपीत कंपनीचं नाव आजही ‘मात्सुदा’ असंच लिहितात, रोमन लिपीत ते माझदा होतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. अवेस्तन ‘मझ्दा’ आणि संस्कृत ‘मेधा’ हे सख्खे भाऊबंद आहेत, दोन्ही एकाच जुन्या भारत-इराणी शब्दातून आलेले. ‘अहुर’ म्हणजे आपलं ‘असुर’. सप्तचं हप्त, सिंधूचं हिंदू होतं तसंच. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणालाही आदराने असुर म्हटलंय, हे लक्षात घेतलं की दचकायला होत नाही. म्हणजे तुमच्या शाळेच्या बसवर स्वराज आणि मेधा हे दोन शब्द शेजारी शेजारी होते! दादरच्या पारशी कॉलनीत लहानपण गेलेल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं, ती म्हणाली आमच्या देवाचं नाव बसवर वाचून आम्हाला फार बरं वाटायचं.

मोटारीच्या आधी हे नाव दिव्यालाही मिळालं होतं. अमेरिकेत १९०९ पासून जनरल इलेक्ट्रिकचे ‘माझदा’ बल्ब होते. प्रकाशाशी आणि बुद्धीशी जोडलेलं नाव, विजेच्या दिव्याला शोभतंच.

लेथवाला_भोसरी

जुनी_चाकं, तुम्ही बोलावलंत, आलो. तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे रोटरीची गोष्ट मला वेगळ्या दाराने कळली.

लेथवर काम करताना टूल जास्त बाहेर काढून बांधलं किंवा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बारीक आणि लांब असला की टूल थरथरतं. आधी आवाज येतो, कानाला टोचणारा, मग जॉबवर एकसारख्या अंतराच्या आडव्या लाटा उमटतात. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. बोट फिरवलं तर नखाला खर्र खर्र लागतं. नवीन पोरगा फीड कमीजास्त करत बसतो, मुरलेला कारागीर आधी टूल किती बाहेर आलंय ते बघतो, कारण दुखणं थरथरण्यात असतं, धारेत नसतं.

रोटरी इंजिनात नेमका हाच रोग होता. रचना अशी की पिस्टन वरखाली होत नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका घरात फिरतो, आणि ते घर दोन वर्तुळं चिकटवून कमरेत किंचित दाबल्यासारखं. रोटर एकदा फिरतो तोवर मधला शाफ्ट तीनदा फिरतो. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना पट्टीसारखे सील, त्यांना अपेक्स सील म्हणतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ न देणं हे त्यांचं काम. ही पट्टी घराच्या भिंतीवरून सतत घासत जाते, आणि भिंतीचा बाक सारखा बदलत असल्यामुळे तिचा कोनही सारखा बदलतो. इंजिन काही तास चालवून उघडलं की आतल्या भिंतीवर आडव्या लाटा. हिरोशिमातल्या माणसांनी त्यांना नाव दिलं, सैतानाच्या नखांचे ओरखडे.

१९६३ मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा विभाग उभा राहिला. जपानात ४७ रोनिन म्हणजे धन्यासाठी प्राण देणाऱ्या ४७ सामुरायांची कथा घराघरांत माहीत, त्यामुळे या मंडळींनाही तेच नाव पडलं. त्यांनी पट्टीचं थरथरणं मोडायचं म्हणून टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून पाहिली. भोकं पाडली की पट्टीची स्वतःची कंपनाची लय बदलते आणि लाटा उमटत नाहीत. वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो, कारण बोरिंग बारच्या, म्हणजे भोक आतून कापायच्या लांब दांड्याच्या बाबतीत आम्ही हाच विचार करतो! विकायच्या गाडीसाठी पुढे निप्पॉन कार्बन या कंपनीबरोबर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून वेगळी पट्टी केली. घासणीला स्वतःच वंगण असल्यासारखी.

दुसरा रोग तेलाचा. रोटरच्या बाजूने तेल ज्वलनात झिरपायचं आणि पांढरा धूर. तेलाचे सील पुन्हा पुन्हा करून तो आवरला. तिसरा, कमी वेगात गाडीचं अंग थरथरणं. हवा आत येण्याची वाट बाजूच्या भिंतीतून घेतली आणि प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग दिले.

३० मे १९६७ ला माझदाची पहिली रोटरी मोटार, कॉस्मो स्पोर्ट, विक्रीला आली. ४९१ सीसीचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती. बनल्या जेमतेम १,१७६. पुढच्या वर्षी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला ८४ तासांची शर्यत होती, साडेतीन दिवस अखंड. दोन कॉस्मो उतरवल्या, एक शेवटाकडे चाक-अ‍ॅक्सल बिघडून बाद झाली, दुसरी चौथी आली. इंजिन शेवटपर्यंत टिकलं.

आमच्या शॉपमध्ये कुणी ‘होत नाही साहेब’ म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो.

आडवाटेने

लेथवाले, दंडवत. मूळ शोध वांकेल यांचा ना? मग जर्मन मागे का पडले?

लेथवाला_भोसरी

हो, फेलिक्स वांकेल आणि एनएसयू. परवाने बऱ्याच कंपन्यांनी घेतले होते. एनएसयूने १९६७ मध्येच रो८० ही मोठी मोटार आणली, दिसायला काळाच्या फार पुढची, पण सील लवकर झिजायचे आणि हमीपोटी इंजिनं बदलून द्यावी लागली. कंपनी खचली आणि १९६९ मध्ये ऑडीत विलीन झाली. माझदाने आधी चार वर्षं फक्त सीलवर घालवली होती. माझ्या मते सगळा फरक त्या चार वर्षांचा.

हिशेबनीस

धागा आवडला, पण आता दुसरी बाजू लिहितो, कारण इतिहास आणि लौकिक म्हटलं की ताळेबंदही आला.

रोटरीच्या ज्वलनाचा कप्पा लांबट आणि चपटा. भिंतीचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता वाया जाते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडतं. ते एक्झॉस्टमध्येच जाळून टाकणारी भट्टी बसवून माझदाने अमेरिकेतले धुराचे कडक नियम पाळून दाखवले, ते श्रेय आहेच. पण पेट्रोल जास्त लागायचं ते लागायचंच. कंपनीने सत्तरच्या सुरुवातीला एकामागून एक मॉडेलं रोटरीवर नेली, अमेरिकेत विक्री वाढवली, आणि १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. अमेरिकेतला खप कोसळला, न विकलेल्या गाड्या उभ्या राहिल्या.

सुमितोमो बँकेने कंपनी उचलून धरली, आपली माणसं कारभारात बसवली. मात्सुदा घराण्याच्या हातून सूत्रं गेली. कारखान्यातले हजारो कामगार देशभरच्या विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवले गेले. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस परक्या शहरात दारोदार फिरून मोटार विकतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. १९७९ मध्ये फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला.

आणि दुसऱ्यांदा ठेच लागली ती रोटरीमुळे नव्हे. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानात पैसा खुळखुळत होता तेव्हा कंपनीने विक्रीच्या पाच वेगवेगळ्या साखळ्या काढल्या: माझदा, ओटोरामा, युनोस, ऑटोझाम, आन्फिनी. जवळजवळ सारखीच गाडी वेगळ्या नावांनी. गिऱ्हाईक गोंधळलं, फुगा फुटला, कर्ज उरलं. १९९६ मध्ये फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. मोठ्या जपानी मोटारकंपनीचा पहिला परदेशी अध्यक्ष.

तेव्हा चिकाटीला दाद देताना तिची किंमत कुणी मोजली तेही लिहूया. मोजली कामगारांनी.

जुनी_चाकं

हिशेबनीस, पूर्ण मान्य. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

एकच भर. बँकेच्या देखरेखीखालीही यामामोतोंच्या माणसांनी रोटरी टाकली नाही. ‘फिनिक्स’ नावाची मोहीम काढून इंधनाचा खप मोठ्या प्रमाणात खाली आणला आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ ही रोटरीची स्पोर्ट्स मोटार आली. घर वाचवलं मात्र साध्या पिस्टनच्या गाडीने. १९८० ची फॅमिलिया, पुढच्या चाकांना ताकद देणारी, सुटसुटीत. जपानच्या ‘कार ऑफ द इयर’ पुरस्काराचं ते पहिलंच वर्ष, आणि तो मान तिला मिळाला. गल्लीतल्या माणसाला परवडेल अशी गाडी हा तीनचाकीच्या वेळचाच धर्म झाला.

यामामोतो स्वतः १९४६ मध्ये या कारखान्यात साधे कामगार म्हणून लागले होते. १९८४ मध्ये ते अध्यक्ष झाले.

सेतोकाठची

खूप दिवसांनी इथे लिहितेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे बारा वर्षं हिरोशिमात आहे, राहवलं नाही.

कंपनीचं मुख्यालय फुचू नावाच्या गावात आहे. हे छोटं गाव चहूबाजूंनी हिरोशिमा शहराने वेढलेलं, पण कारभार वेगळा. मुकाइनादा स्टेशनवर उतरायचं. सकाळच्या गाडीत निम्मा डबा एकाच दिशेने चालायला लागतो. नदीच्या मुखाजवळ कंपनीने स्वतःचा पूल बांधलाय, तो ओलांडून उजिनाच्या कारखान्यात आणि बंदरावर जाता येतं. तयार गाड्या तिथूनच जहाजात चढतात.

इथे माझदा म्हणजे घरातलं माणूस. हिशेबनीसांनी तेलसंकटाबद्दल लिहिलं, त्या वेळी इथल्या व्यापाऱ्यांनी आणि उद्योगांनी मिळून माझदाच घ्यायची अशी चळवळ उभी केली होती. बेसबॉलचा संघ ‘हिरोशिमा तोयो कार्प’, त्यातला तोयो या कंपनीचा. स्टेशनजवळच्या मैदानालाही माझदाचं नाव आहे. सामना असला की ट्राममध्ये आजीपासून नातवापर्यंत सगळे लाल सदऱ्यात. लौकिक म्हणजे काय ते मला त्या ट्राममध्ये समजलं.

६ ऑगस्टला सव्वाआठला सायरन वाजतो, शहर थांबतं. हिजियामा टेकडी आमच्या गॅलरीतून दिसते. इतकी लहान टेकडी! आपल्या पर्वतीएवढीसुद्धा वाटत नाही. ती नसती तर काय झालं असतं, हा विचार दर वर्षी त्या एका मिनिटात येतोच.

बर्फातला_मावळा

ताई, वाचून अंगावर काटा आला.

मी टोरांटोजवळ असतो. इथे माझदाची दोन नावं आहेत, आणि दोन्ही खरी. पहिलं नाव गंजाचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकाच्या वरच्या कमानीत आणि दरवाज्यांखाली जाऊन बसतं. दोन हजारच्या दशकातल्या माझदा ३ आणि ६ या बाबतीत बदनाम होत्या. इथले जुने मेकॅनिक आजही वापरलेली माझदा म्हटली की आधी वाकून मागच्या कमानीच्या आतून बोट फिरवायला सांगतात. गंज वरून दिसतो तेव्हा आत पत्रा आधीच पापडासारखा झालेला असतो. माझी पहिली सेकंडहँड गाडी वेगळ्याच कंपनीची होती, तिच्यात मी हेच बोट फिरवायला विसरलो आणि दुसऱ्या हिवाळ्यात खालचा पत्रा हातात आला. बोटाचा धडा तेव्हापासून पाठ.

दुसरं नाव भरवशाचं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक-मासिकाच्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा पहिली आली, टोयोटा आणि लेक्ससच्या वर. कारण साधं आहे. २०११-१२ पासून त्यांनी स्कायअ‍ॅक्टिव्ह नावाखाली इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सगळं नव्याने आखलं, पण सगळे छोटी टर्बो इंजिनं बसवत होते तेव्हा हे बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात दाब (हवा आणि इंधन किती पट दाबायचं ते प्रमाण) वाढवत १४ ला १ पर्यंत गेले. आणि डिझेलचा दाब उलट त्याच १४ ला १ वर खाली आणला! साधी, नीट जुळवलेली यंत्रणा कमी मोडते.

आणि एमएक्स-५ बद्दल कुणी लिहिलंच नाही! फेब्रुवारी १९८९, शिकागोचं प्रदर्शन. ब्रिटिशांच्या हलक्या उघड्या दोन सीटच्या गाड्या तोवर जवळपास संपल्या होत्या. तशी गाडी तुम्ही करा, हे बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने यामामोतोंना १९७९ मध्येच सुचवलं होतं, पुढे तो माझदातच कामाला लागला. जिन्बा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे सूत्र ठेवून गाडी आखली. ताकद बेताची, वजन हजार किलोच्या आत. २०१६ मध्ये दहा लाखावी बनली. मी एका मित्राची चालवलीय. वळणावर स्टेअरिंग फिरवलं की गाडी कमरेपासून वळल्यासारखी वाटते. आपल्याकडे घोड्यावर मांड पक्की असणं म्हणतात, तोच अर्थ.

हिशेबनीस

गंजाच्या जोडीला जपानातली बदनामीही सांगतो. तिथे ‘माझदा नरक’ असा शब्द रूढ होता. कंपनी नवी गाडी भरमसाट सवलतीत विकायची, त्यामुळे जुनीला बाजारात भाव नसायचा. मालकाला दुसरीकडे कुणी चांगली किंमत देईना, तो पुन्हा माझदाच्याच दुकानात जायचा, तिथे जुनी देऊन पुन्हा नवी माझदा. चक्र सुटायचं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी कंपनीने सवलती आवरल्या, किंमत टिकवली, तेव्हा हा शब्द मागे पडला. नाव राखायला इंजिनाइतकीच किमतीची शिस्त लागते.

आणि अलीकडचा डाग. जून २०२४ मध्ये जपानच्या परिवहन मंत्रालयाने पाच कंपन्यांच्या चाचण्यांतले गैरप्रकार उघड केले. टोयोटा, होंडा, सुझुकी, यामाहा आणि माझदा. माझदाच्या बाबतीत रोडस्टर आरएफ आणि माझदा २ यांच्या इंजिन चाचणीत नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बदललं होतं, आणि काही जुन्या मॉडेलांच्या टकरीच्या चाचणीत एअरबॅग टायमर लावून उघडली होती. त्या दोन गाड्यांचा पुरवठा थांबवावा लागला. ज्या कंपनीने चार वर्षं एका पट्टीवर घालवली तिच्याकडून हे मला सहन होत नाही.

लेथवाला_भोसरी

+१. चाचणी म्हणजे गेज. गेज खोटं वापरलं की माल चांगला असो वा वाईट, शॉपची अब्रू गेली.

आडवाटेने

मूळ लेखातली स्वराज माझदा मागे राहिली. ती भारतात कशी आली?

जुनी_चाकं

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने हलक्या मालगाड्यांसाठी जपानी कंपन्यांना भारतीय भागीदारांबरोबर परवानगी दिली. डीसीएम टोयोटा, ऑलविन निसान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा. चौथ्या जोडीत पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो ही जपानी व्यापारी कंपनी, कारखाना पंजाबात. टाटांनी १९८६ मध्ये ४०७ आणली आणि चौघांनाही जड गेलं. आपल्या रस्त्यांवरचा वाढीव बोजा आणि गावोगावी मिळणारे सुटे भाग यांत ४०७ ला तोड नव्हती. स्वराज माझदा छोट्या बस आणि शाळेच्या बसमध्ये टिकली. कालांतराने माझदा बाहेर पडली, २०११ मध्ये नाव एसएमएल इसुझु झालं, आणि २०२५ मध्ये ती महिंद्रांकडे आली.

बर्फातला_मावळा

ले माँ, म्हणजे फ्रान्समधली २४ तासांची शर्यत, राहिली. तेवढं लिहून थांबतो.

सत्तरच्या दशकापासून माझदा तिथे जात होती आणि हरत होती. १९९१ नंतर नियम बदलणार, रोटरीला जागा राहणार नाही हे ठरलेलं. म्हणजे शेवटची संधी. गाडी ७८७बी, क्रमांक ५५, केशरी-हिरवी. चार रोटर, सुमारे ७०० अश्वशक्ती. नियमांनुसार वजनात सूट मिळाली होती, मर्सिडीज आणि जॅग्वार १,००० किलोच्या, ही ८३० ची. ले माँ सहा वेळा जिंकलेले जॅकी इक्स सल्लागार होते. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट, बेरत्रां गाशो हे तिघं चालक. मर्सिडीज पुढे होती, शेवटच्या तीन तासांत तिचं इंजिन तापून ती थांबली. माझदा पुढे गेली. हर्बर्टने शेवटी बदली न घेता सलग गाडी हाकली, ३६२ फेऱ्या पुऱ्या करून उतरला आणि पाणी कमी पडून कोसळला. विजेत्यांच्या चौथऱ्यावर तो नव्हताच. २०११ मध्ये तीच गाडी ले माँला पुन्हा फिरवायला आणली तेव्हा हर्बर्ट त्या चौथऱ्यावर चढला. वीस वर्षांनी.

ले माँ जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. टोयोटाला त्यासाठी २०१८ उजाडावं लागलं.

त्या इंजिनाचा आवाज जमल्यास इअरफोन लावून ऐका. पिस्टनचा आवाज ठोके जोडल्यासारखा असतो, हा मात्र एकच ताणलेला सूर आहे, सनईच्या वरच्या पट्टीतला.

लेथवाला_भोसरी

ऐकला. सीलवर त्या वेळी काय ताण असेल याचाच विचार करत होतो. २०१२ मध्ये आरएक्स-८ ही रोटरी मोटार बंद झाली तेव्हा वाटलं संपलं. २०२३ मध्ये एमएक्स-३० मध्ये रोटरी परत आली, ८३० सीसीचा एकच रोटर, चाकं फिरवायला नव्हे तर बॅटरी भरायला. जनरेटर म्हणून हे लहान, गुळगुळीत इंजिन शोभतं. मला तर वाटतं, त्याची खरी जागा आत्ता सापडली.

जुनी_चाकं

सेतोकाठची ताई, एक विनंती. कंपनीच्या संग्रहालयात जुनी तीनचाकी आहे म्हणतात. पुन्हा जाणं झालं तर हँडल आणि हौद्याचा जोड जवळून बघाल का? फोटोंत सगळे ७८७बी कडेच धावतात.

सेतोकाठची

नक्की. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, मुख्यालयातून त्यांची बस आत घेऊन जाते. मागच्या वेळी मीही केशरी-हिरव्या गाडीपुढेच उभी राहिले आणि तीनचाकीपुढून चालत गेले, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पुढच्या महिन्यात सासरे येणार आहेत. त्यांनी अकोल्यात बरीच वर्षं तीनचाकी टेम्पो चालवला. त्यांनाच हँडलपाशी उभं करते आणि काय म्हणतात ते इथे लिहिते.